आमची वाटचाल : फौंड्री आणि फेटलिंगची धूळ

कुपवाड एमआयडीसीत आमची छोटी फौंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना आहे, ग्रे आयर्नची (बिडाची) कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग करतो, जास्त करून पंपाचे पार्ट. 1910 ला किर्लोस्करवाडी वसली तेव्हापासून आपल्या सांगली भागात ओतकाम जाणणारी माणसं तयार होत गेली, आमचे वडील पण तिथंच मोल्डिंग, म्हणजे रेतीचे साचे करणं शिकले आणि मग स्वतःची भट्टी टाकली. बँकेचं लोन, ऑर्डरी, कोकवरचा क्युपोला जाऊन विजेवरची इंडक्शन फर्नेस आली, हे सगळीकडं होतंच. मला लिहायचंय ते फेटलिंगच्या धुळीबद्दल.

साच्यातून काढलेल्या कास्टिंगला रेती चिकटलेली असते, ती ग्राइंडरने घासून साफ करायची म्हणजे फेटलिंग. ही रेती म्हणजे सिलिका. डोळ्याला दिसते ती जाड धूळ नाकात घशात अडकते, पण त्याहून कितीतरी बारीक, नुसत्या डोळ्याला न दिसणारी, ती थेट फुफ्फुसात खोलवर जाऊन बसते. त्यातनं सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार होतो, तो बरा करणारं औषध नाही, आणि अशा माणसाला टीबी पण लवकर धरतो. 1948 च्या कारखाने कायद्यापासून हा सरकारला कळवावाच लागणारा आजार आहे.

कारखाना माझ्याकडं आल्यावर जो तो सांगायचा, मास्क वाटा की. मास्क आम्ही देतोच, पण मे महिन्यात भट्टीच्या शेडमध्ये आख्खी शिफ्ट मास्क लावून कोण राहील सांगा, आणि दाढी असली की कडेनं हवा शिरतेच. त्यामुळं माझं ठाम मत आहे की धूळ जिथं निघते तिथंच ओढून घ्यायची, मास्क हा शेवटचा उपाय.

म्हणून ग्राइंडरवर धूळ आत घेणारा हूड, ती नेणारा डक्ट (पाइप), ओढणारा ब्लोअर आणि धूळ गाळणारं बॅग फिल्टर बसवलं. ते नीट ओढतंय का हे बघायची पद्धत सेफ्टीचं काम करणाऱ्या एका सरांनी दाखवली, रात्री शेडमधले दिवे घालवायचे, ग्राइंडरच्या पलीकडं जोरदार टॉर्च लावायचा, त्याचा झोत डोळ्यावर येणार नाही असा आडोसा धरायचा आणि इकडनं बघायचं. दिवसा स्वच्छ वाटणारी हवा त्या उजेडात नुसती धुरकट, आणि ती धूळ हूडच्या तोंडावरनं वळून सरळ फेटलरच्या छातीकडं यायची. आमचे जुने फेटलर मामा बघतच राहिले, म्हणाले, "दादा, एवढं आत जात हुतं व्हय?" उकाड्यासाठी लावलेला पेडेस्टल फॅन तिला ढकलत होता. फॅन बंद केला तशी धूळ हूडमध्ये वळली. मग फॅनची जागा बदलली आणि हूड अजून जवळ सरकवला, कारण अंतर दुप्पट झालं की ओढ साधारण चौथाईवर येते.

बाकी सवयी हळूहळू बदलल्या. कोरडा झाडू बंद करून व्हॅक्यूम आणला, सुट्टी झाल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेनं कपडे झटकायचे ते पण बंद, कारण तीच धूळ परत नाकात. कामाचे कपडे इथंच धुतो, घरी लेकराबाळांपर्यंत धूळ जाऊ नये. पाणी मारून झाडणं चांगलं, पण भट्टीजवळ अजिबात नाही, वितळलेल्या लोखंडाखाली पाणी सापडलं तर स्फोट होतो.

सगळ्यात अवघड गेलं ते छातीचा एक्सरे आणि फुंकायची टेस्ट करून घेणं. रिपोर्टमध्ये काही निघालं तर काम जाईल ही भीती, आणि ती खरीच असते हो, कुणालाही विचारा. मी सगळ्यांना बसवून सांगितलं की काही निघालं तर धुळीतनं काढून पॅकिंगला किंवा स्टोअरला घेईन, पगार तोच राहील, आणि तसं लिहून नोटीस बोर्डावर लावलं. ठेकेदाराच्या पोरांना पण तेच लागू, धूळ काय मस्टर बघून आत जात नाही.

आता नॉकआउटचा, म्हणजे साचा फोडून कास्टिंग बाहेर काढायच्या कामाचा नंबर. साचा फोडताना सगळ्यात जास्त रेती उडते आणि जागा मोठी असल्यानं साधा हूड पुरत नाही, तीन बाजूंनी बंद करून मागनं ओढायचं ठरलंय, पत्रा कापायला दिलाय.