संथ प्रयोग, आठवडा सहावा: मामा, बटाटे आणि तिरकिट

मागचे पाच आठवडे ज्यांनी वाचले नाहीत त्यांच्यासाठी पटकन. मला संथ सिनेमा चालतो, कॅमेरा दहा मिनिटं एका जागी बसून राहिला तरी मी खुश, पण शास्त्रीय गाण्यातला संथ बडा ख्याल लावला की दुसऱ्या आवर्तनालाच, म्हणजे तालाच्या दुसऱ्या फेरीलाच, माझी मान पडते. नौपाड्यातले माझे मामा बरोब्बर उलटे. विलंबित, म्हणजे असं अगदी संथ लयीतलं गाणं, ऐकायला बसले की समोर चहा गार झाला तरी भान नसतं, पण सिनेमात कोणी दोन मिनिटं खिडकीबाहेर बघत बसलं की "अरे पुढे घे ना" सुरू. गणपतीत जेवणं झाल्यावर यावरून वाद पेटला, वाद कसला भांडणच, मामी मध्ये पडल्या म्हणून मिटलं, आणि ठरलं असं की मी सहा आठवडे रोज ऑफिसला जाताना एक विलंबित ऐकायचं आणि मामांनी रविवारी माझ्याकडे वर्तकनगरला येऊन मी लावीन ते सिनेमे बघायचे. फॉरवर्ड करायचं नाही, मोबाईल उलटा ठेवायचा.

माझी बाजू आधी. ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकल पकडतो, कोपरखैरणेला उतरतो, वीसेक मिनिटं मिळतात, म्हणजे एक विलंबित जवळजवळ बसतं. पहिले दोन आठवडे नुसता वैताग. गायक काय करतोय कळेना, दिघा गेलं, ऐरोली गेलं, रबाळे आलं तरी हा माणूस अजून त्याच दोन सुरांत. मामांना फोन केला तर म्हणाले, "तू गाणं ऐकतोयस, ठेका ऐक." मग त्यांनी विलंबित एकतालाचा ठेका, म्हणजे तबल्यावर फिरून फिरून वाजणारे बोल, लिहून पाठवला. बारा मात्रा, त्यात चौथ्या आणि दहाव्या मात्रेवर 'तिरकिट' हा बोल. बाकी काही कळलं नाही तरी ही दोन तिरकिट पकड, दुसरं तिरकिट गेलं की दोन मात्रांनी सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, गायक तिथंच कुठेतरी मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, उचलणार.

आणि मंडळी, खरंच सगळं बदललं. मी ऐकत असलेल्या रेकॉर्डिंगचं एक आवर्तन स्टॉपवॉच लावून मोजलं तर ५४ सेकंद. आधी हे ५४ सेकंद म्हणजे धुकं होतं, आता त्यात दोन खुणेचे दगड आहेत. दहाव्या मात्रेचं तिरकिट आलं आणि गाणाऱ्या बाई अजून आलापातच आहेत, आता कशा पोचणार, पोचणार का, आणि त्या अगदी शेवटच्या क्षणी मुखडा घेऊन समेवर येतात, माझ्या तोंडून "आह" निघालं, शेजारच्याने लॅपटॉपची बॅग जवळ ओढून घेतली. गुरुवारी याच नादात घणसोली आणि कोपरखैरणे दोन्ही गेली, तुर्भ्याला उतरून परत आलो.

मग जरा शेफारलो आणि अमीर खाँसाहेबांचा दरबारी राग लावला. तो झुमरा तालात. चौदा मात्रा आणि तिरकिट किती, तर चार! तिसरी, सातवी, दहावी, चौदावी. झालं, माझे दगड कामातून गेले, दोन दिवस मी कुठल्या तिरकिटला आहे हेच कळत नव्हतं. बॅक टू स्क्वेअर वन म्हणतात तसं.

घरी आलो तर चिरंजीव म्हणाले, "बाबा, दीडपट स्पीडवर ऐका ना, मी लेक्चर्स तशीच बघतो." आधी चिडलो, मग म्हटलं करून तर बघू. ५४ सेकंदांचं आवर्तन ३६ वर येतं, आजकालची ॲप्स सूर चढू देत नाहीत, त्यामुळे तांबोरा जिथल्या तिथे, पट्टी तीच, ऐकायला सगळं ठीक. म्हणजे आता दीडपट आवडायला हवं ना? पण दरबारीचा गंधार, म्हणजे 'ग', घ्या. तो सरळ उभा राहत नाही, खालून हळूहळू झुलत झुलत येतो, आंदोलन म्हणतात त्याला. दीडपटीत तो झुलायच्या ऐवजी थरथरतो, थंडी वाजल्यासारखा. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं, तर अशी होते की घसरगुंडीवरून कोणी ढकलून दिलंय. मुलाला दोन्ही ऐकवलं. तो म्हणाला, "हां, फरक आहे, पण मला फास्टवालं जास्त आवडलं." आता काय बोलणार? ऐकून सांगतोय बिचारा, न ऐकता नाही. ही त्याची आवड म्हणून नोंद केली, बायको म्हणते नोंद कसली करतोस, त्याचा मोबाईल काढून घे.

आता मामा. पहिला सिनेमा मी मुद्दाम सोपा निवडला, द डिसायपल, मराठी आहे, गाण्यावर आहे, म्हटलं पाघळतील. तो गायक रात्री मोटरसायकलवर, रस्ता रिकामा, मागे तांबोरा आणि त्याच्या गुरूंच्या गुरू माईंचं बोलणं, माईंना आवाज सुमित्रा भावेंचा, आणि सगळं स्लो मोशनमध्ये. मला हे शॉट जाम आवडतात. मामा म्हणाले, "लय कमी करणं वेगळं आणि टेप हळू चालवणं वेगळं. हे दुसरं आहे." मी म्हटलं अहो मामा, तो माईंच्या आवाजात तरंगतोय म्हणून तसं. ते म्हणाले, तरंगायचं तर गाडीवरून कशाला. यावर आमचं आजही जमलेलं नाही, आणि खरं सांगू का, त्यांचं ते टेपचं वाक्य डोक्यातून जात नाहीये, परवा परत बघितला तर ते शॉट आले की मी स्वतःशीच वाद घालत होतो. दुसऱ्या सिनेमाचं काही लिहीत नाही, मामा झोपले, मीही थोडा झोपलो.

तिसरा जान दीलमान. दिग्दर्शिका शांताल आकरमान, १९७५, २०१ मिनिटं. २०२२ मध्ये साइट अँड साउंड या सिनेमाच्या मासिकाच्या सर्वोत्तम सिनेमांच्या यादीत पहिला आल्यापासून ज्याला त्याला तो आधीपासूनच आवडायचा असं झालंय, त्यामुळे मी जरा बिचकूनच लावला. एक विधवा बाई, तीन दिवस, स्वयंपाक, भांडी, पॉलिश, कॅमेरा ढिम्म, पार्श्वसंगीत नाही. पहिल्या तासाला मामा तीनदा उठले. एकदा म्हणाले, "हिच्यापेक्षा तुझी मामी लवकर आवरते." मध्ये थांबवून मामलेदारची मिसळ खाल्ली, पार्सल, तर्री वेगळी.

दुसऱ्या दिवशी त्या बाईचे बटाटे जास्त शिजतात. पातेलं घेऊन ती घरभर फिरते, कुठे ठेवावं कळत नाही तिला. मामा एकदम पुढे सरसावून बसले. "अरे! हिची सम चुकली!" म्हणाले पहिला दिवस म्हणजे नुसता ठेका होता, तो डोक्यात बसवल्याशिवाय हे चुकणं कळलंच नसतं. आणि मग ते मला सांगायला लागले, बघ दिवा मालवायचा राहिला, बघ झाकण नाही ठेवलं. मी हा सिनेमा तिसऱ्यांदा बघत होतो आणि त्यातल्या दोन गोष्टी मला आत्ता दिसल्या.

संपल्यावर विचारलं, आवडला? "नाही. पण कळला." परत बघणार नाहीत म्हणे.

मी आधी "मला विलंबित आवडत नाही" म्हणत होतो, तेव्हा खरं तर कळतच नव्हतं, आणि ते मान्य करायला लाज वाटत होती एवढंच. उलट आता एका मोठ्या नावाच्या गायकाचं विलंबित मोजून, मात्रा धरून, चार वेळा ऐकलं आणि तरी कंटाळलोय. नाव लिहीत नाही, मारामाऱ्या होतील. मामांना सांगितलं तर ओरडतील असं वाटलं होतं, ते म्हणाले, "मलाही तो कोरडाच वाटतो, पण चाळीस वर्षं कोणाला बोललो नाही." घ्या!

पैज संपली, पण दोघांनाही थांबायचं नाहीये. माझ्याकडून पुढचा बेला तारचा सातान्तांगो, सात तासांच्या वर. मामांनी आकडा ऐकून नुसतं विचारलं की मध्ये जेवण धरलंयस ना. आणि बदल्यात त्यांनी मला ध्रुपद या जुन्या गायनप्रकारातला आलाप दिलाय, पाऊण तासाचा. पखवाज नंतर येतो, आलापाला ठेकाच नाही. म्हणजे तिरकिट नाही, मोजायला काहीच नाही. सोमवारी सकाळी ठाण्याहून लावतोय, पाऊण तासाचा म्हणजे अर्धा जाताना आणि अर्धा येताना, मामा म्हणतात असा तुकड्यात ऐकायचा नसतो, मी म्हटलं मग पनवेल लोकल पकडतो, ऑफिसचं बघू.