ग्रेटफुल डेडची स्पीकरची भिंत

दारव्ह्याकडच्या गावांत मी भजनाला, लग्नाला साउंड लावतो. माइकनं शिट्टी मारली की जीव खालीवर होतो. म्हणूनच अमेरिकेतल्या ग्रेटफुल डेड या रॉक बँडची १९७४ च्या दौऱ्यातली स्पीकरची भिंत मला इतकी आवडते. पाचशेहून जास्त स्पीकर, अन् तेही गाणाऱ्यांच्या मागे! आमच्या मंडपात असे लावले तर नुसती शिट्टीच. त्यांनी काय केलं, प्रत्येक गायकापुढे दोन माइक ठेवले, एकाची जोडणी उलटी. गायचं एकातच. मागून येणारा आवाज दोन्हींत सारखाच शिरतो अन् एकमेकाला खाऊन टाकतो. उरतो तो गळा. केवढी अक्कल! ट्रक, माणसं, खर्च झेपेना, म्हणून त्याच वर्षी भिंत बंद झाली. मला अजून हळहळ वाटते. हरिनाम सप्ताहाच्या आधी दोन माइक तसे जोडून बघणार आहे.