दोनच टाके राहिलेत

मी भूल देणारी डॉक्टर. गॅस्ट्रोस्कायसिसचं बाळ ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत, येणार म्हटलं की मी सगळ्यात आधी एसी बंद करायला लावते, मग सगळे घामाघूम होऊन माझ्या नावाने बोटं मोडतात, पण बेंबीशेजारच्या भोकातून आतडी बाहेर आलेलं दोन-सव्वादोन किलोचं बाळ किती पटकन गार पडतं ते एकदा बघितलं की कुणी कुरकुर करत नाही. उघड्या आतड्यांवरून उष्णता जाते तसं पाणीही उडतं, त्यामुळे सलाईन नेहमीच्या बाळापेक्षा बरंच जास्त लागतं. आतड्यांवर स्टेराईल पिशवी, तीपण पारदर्शक, काळपट पडायला लागली तर दिसायला हवीत ना.

ओम्फॅलोसीलचं प्रकरण वेगळं. तिथे आतडी बेंबीतूनच बाहेर येतात आणि त्यांच्यावर पातळ पडदा असतो म्हणून जरा बरं वाटतं, पण सोबत हृदयाचा दोष असू शकतो, त्यामुळे इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, बघितल्याशिवाय मी हात लावत नाही. आणि जीभ मोठी दिसली तर लगेच शुगर तपासा, बेकविथ-वीडेमन या जन्मजात आजारात जीभ मोठी असते आणि शुगर घसरते, ही बाळं हमखास दगा देतात.

पोट नाकातल्या नळीने नीट ओढून रिकामं करायचं, मग श्वासनलिकेत नळी घालायची, मास्कने जोरात हवा द्यायची नाही. भुलेचा नायट्रस वायू तर अजिबात नको, आतडी फुगतात. इथपर्यंत ठीक असतं.

खरी गंमत पोट बंद करताना. एकदा सर्जन सर आतडी आत सरकवत होते, सगळे खूश, आणि इकडे माझ्या हातातली श्वास देण्याची बॅग घट्ट होत चाललेली. हवा आत ढकलायला लागणारं प्रेशर 18 वरून 24, मग 30. सॅच्युरेशनचा एक प्रोब मी मुद्दाम पायाला लावते आणि सलाईन हाताला, कारण पोटात दाब वाढला की खालून येणारी मोठी शीर दबते. मॉनिटरवरची पायाच्या नाडीची वेव्ह सपाट झाली.

"सर, थांबा."
"अगं, दोनच टाके राहिलेत."
"पाय निळे पडलेत, सर."

पोटातला दाब 20 मिलिमीटर मर्क्युरीच्या वर गेला तर किडनीचं रक्तही कमी होतं, लघवी थांबते. सर जरा चिडले, पण टाके कापले, सायलो, म्हणजे बाहेरची आतडी झाकणारी पिशवी, लावला. सायलो म्हणजे हार असं काही सर्जनना का वाटतं कोण जाणे, पिशवी वर टांगून रोज थोडी थोडी आतडी आत जातातच की! बाळ व्हेंटिलेटरवरच ठेवलं.

सहाव्या दिवशी परत तीच ओटी. या वेळी वेव्ह शेवटच्या टाक्यापर्यंत टिकली. सरांनी विचारलं, आता तरी एसी लावू का? म्हटलं, बाळ बाहेर जाऊ दे आधी.