पट्टीच्या आधी सुतळी

पहिलीच्या मुलासमोर दोन काड्या ठेवून ‘मोठी कुठली?’ विचारलं, तर ते बहुतेक वेळा बरोबर काडी उचलतं. पण त्याने लांबी पाहिली, जाडी पाहिली की नुसता रंग, हे त्यावरून कळत नाही. लांबी शिकवताना पहिली अडचण शब्दाची येते. आपल्याकडे ‘मोठा’ सगळ्यालाच चालतो: मोठा डबा, मोठा दादा, मोठी दोरी. ‘लांब’ म्हणावं तर शाळाही लांब असते. त्यात बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मुलांच्या कानावर कन्नड असतंच. कन्नडमधलं ‘उद्द’ दोरीलाही लागतं आणि उंच माणसालाही. मुलाने ‘उद्द’ म्हटलं म्हणून अडवू नये. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवून ‘इथून इथपर्यंत’ एवढं त्याच्याकडून म्हणवून घ्यावं. पुढचं सगळं मोजमाप या ‘इथून इथपर्यंत’वरच उभं राहतं.

सुरुवातीला आकडा नकोच. एकाच जाडीच्या, एकाच रंगाच्या दोन काड्या घ्या. लांबीत पाच-सहा सेंटीमीटरचा फरक असू द्या. जमू लागलं की फरक एक सेंटीमीटरवर आणा. मग मुद्दाम एक जाड-आखूड आणि एक बारीक-लांब अशी जोडी द्या. इथे बरीच मुलं जाड काडी उचलतात, म्हणजे ‘मोठा’ अजून गेलेला नाही.

तुलनेसाठी फरशीची सांध सगळ्यात सोयीची. दोन्ही काड्यांचं एकेक टोक सांधेवर टेकवायचं आणि फक्त दुसरी टोकं बघायची. हा नियम मोठ्यांना उघड वाटतो, पाच-सहा वर्षांच्या मुलाला तो नसतो. अगदी सारख्या दोन काड्या शेजारी ठेवा, ‘सारख्या’ असं त्याच्याकडून कबूल करून घ्या, मग एक काडी थोडी पुढे सरकवा. आता ते पुढे गेलेली काडी लांब म्हणेल. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी हे तपशिलात दाखवलं: या वयाचं मूल एकच टोक बघतं, मागे राहिलेलं टोक त्याच्या हिशेबात येत नाही. अशा वेळी ‘चूक’ म्हणून उपयोग होत नाही. काडी पुन्हा सांधेला लावायची, पुन्हा सरकवायची, आणि मागच्या टोकावर बोट ठेवून ‘इथे काय झालं?’ विचारायचं. काही मुलांना हे कळायला महिने लागतात, ते लागू द्यावेत.

वाकड्या दोरीचंही तसंच. दोन दोऱ्यांची टोकं समोरासमोर, पण एक सरळ आणि एक नागमोडी. मुलं दोन्ही सारख्या म्हणतात. नागमोडी दोरी त्यांनाच ताणायला लावा. चोर्ला घाटातून गोव्याला गेलेल्या मुलाला वळणांचा रस्ता पटकन कळतो.

यानंतर सुतळी. कपाट दारातून जाईल का, हा प्रश्न कपाट आणि दार शेजारी आणून सुटत नाही. कपाटाच्या एका कडेला सुतळीचं टोक धरायचं, ताणून दुसऱ्या कडेपर्यंत न्यायचं, तिथे चिमटीत पकडून गाठ मारायची आणि ती सुतळी दारावर धरायची. लोकर घेऊ नका, ती ताणली जाते आणि दर वेळी वेगळं उत्तर येतं. दोन मुलं लागतात, एकट्याची चिमटी सुटते. प्रत्येक मुलाच्या उंचीइतकी सुतळी कापून भिंतीवर चिकटवली, तर वर्गातली उंची नीट समोर येते. तीच सुतळी जमिनीवर आडवी ठेवा: उंची आणि लांबी यांत फक्त उभं-आडवं एवढाच फरक आहे, हे न सांगता दिसतं.

आता मोजणी. वीत, हात, पाऊल ही मापं मुलांनी घरी पाहिलेली असतात. कन्नडमध्ये विताला गेण आणि हाताला मोळ म्हणतात, फुलांची माळ मोळाने विकत घेताना मुलांनी पाहिलेलंही असतं. चार फुटी बाक मोठ्यांच्या वीस सेंटीमीटरच्या वितीने सहा विती भरतो, मुलाच्या तेरा सेंटीमीटरच्या वितीने नऊपेक्षा थोडा जास्त. बाक तोच, आकडे दोन. इथे लगेच ‘म्हणून पट्टी वापरतात’ असं सांगून टाकू नका. माप लहान तर आकडा मोठा, ही उलटी गोष्ट मुलांना पचायला वेळ लागतो.

एकाच मापाने का मोजायचं, हे ऊस फार छान शिकवतो. एका उसाला लांब-लांब सहा पेरं, दुसऱ्याला आखूड-आखूड आठ. पेरं मोजून ‘आठवाला लांब’ असं उत्तर येतं. दोन्ही ऊस सांधेला लावून बघितले की आकडा आणि लांबी जुळत नाहीत. पेरं सारखी नसतात, आणि तेवढंच कारण आहे. मग सारख्या आइस्क्रीमच्या काड्या द्या, एका गटाला दहा-बारा. त्या रांगेत मांडताना दोन चुका ठरलेल्या: मध्ये फट ठेवणं आणि एकावर एक चढवणं. फट ठेवली तर आकडा कमी येतो, चढवली तर जास्त. दुसऱ्या दिवशी एकच काडी द्या. ती उचलून पुढे ठेवताना आधीची कुठे संपली, ही खूण करायचं मुलांनाच सुचायला हवं.

मग पट्टी, साधारण तिसरीत. पण दुकानातली नको, आधी घरची. पुठ्ठ्याची दहा सेंटीमीटरची पट्टी कापा, एक-एक सेंटीमीटरचे घर आळीपाळीने दोन रंगांनी रंगवा, आकडा घराच्या मधोमध न लिहिता घर संपतं त्या रेषेवर लिहा. सुरुवातीच्या रेषेवर शून्य. चौकटीच्या वहीतले चौकोन नेमके एक सेंटीमीटरचे असतीलच असं नाही, तपासून घ्या.

या घरच्या पट्टीमुळे पुढच्या चुका ओळखता येतात. बरीच मुलं मोजायला एकपासून सुरुवात करतात, किंवा घरं सोडून रेषा मोजतात. दोन्हीत उत्तर एकने चुकतं. विकतच्या पट्टीवर कडेपासून शून्यापर्यंत रिकामी जागा असते, आणि मुलं पट्टीची कड वस्तूला लावतात. परीक्षा म्हणून शून्य तुटलेली पट्टी द्या: पेन्सिल ३ वर सुरू, ११ वर संपते. जे मूल ‘अकरा’ म्हणतं ते आकडा वाचतंय, जे मधली घरं मोजून ‘आठ’ म्हणतं ते लांबी मोजतंय. शिंप्याचा टेप त्यानंतर द्या. त्याच्या एका बाजूला इंच असतात, आणि साठ इंचाचा तो टेप दुसऱ्या बाजूने जवळजवळ १५२ सेंटीमीटर भरतो. त्यामुळे मुलगा कुठली बाजू वाचतोय, हे आधी विचारा.