बिनमाशाची मासवडी

नव्याने ओळख झालेल्या माणसाला जेवायला बोलावताना यजमान थोडा घुटमळतो आणि मग आवाज किंचित खाली आणून विचारतो, ‘तुम्ही खाता का?’ काय खाता, हे तो सांगत नाही आणि समोरच्यालाही ते विचारावे लागत नाही. ‘खातो’ किंवा ‘नाही, आम्ही खात नाही’ एवढ्या उत्तरावर काम भागते. पोळी, भाजी, वरण, भात रोज दोन वेळा खाणारा माणूस ‘मी खात नाही’ असे निःशंकपणे म्हणतो आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. शाकाहार हा शब्द आमच्या जुन्नर तालुक्यातल्या घरात मी लहानपणी कधी ऐकल्याचे आठवत नाही. घरात वशाट शिजे, वार पाळले जात आणि आजी माळकरी होती. आमचे सारे आहारशास्त्र या तीन गोष्टींत मावत असे.

माळकरी म्हणजे गळ्यात तुळशीची माळ घातलेला वारकरी. माळ घातली की मांस आणि दारू सुटते, एकादशी धरावी लागते आणि पंढरीची वारी चुकवायची नसते. आजीने माळ घातली तेव्हा ती चाळिशीची होती, घरात अकरा माणसे होती आणि त्या अकरांपैकी माळ तिने एकटीनेच घातली होती. दर रविवारी घरात मटण किंवा कोंबडी शिजायची ती तशीच शिजत राहिली. आजीने कोणाला अडवले नाही, नाक मुरडले नाही, फक्त आपला तवा, एक पातेले, एक पळी आणि पाण्याचा तांब्या वेगळा केला आणि पडवीच्या कोपऱ्यात स्वतःची चूल मांडली. तव्याच्या कडेला एक टवका उडालेला होता. भाकरी उलटताना त्या टवक्यापाशी पीठ जळे आणि त्याचा काळा ठिपका प्रत्येक भाकरीवर उमटे, त्यामुळे ढिगातली आजीची भाकरी कोणती हे आम्हा पोरांना न सांगता कळे.

ती रविवारी स्वतःसाठी जे करी त्यात मला या सगळ्या विषयाचे मर्म दिसते. आत काकू कांदा आणि सुके खोबरे निखाऱ्यावर काळपट होईपर्यंत भाजून, आले-लसूण-कोथिंबीर घालून पाट्यावर वाटण वाटत असे आणि त्यातला एक गोळा, मटणाला पळी लागण्याआधी, आजीच्या वाटीत जाई. आजी त्याचा रस्सा करी आणि त्या रश्श्यासाठी मासवडी. आमच्या जुन्नर-आंबेगाव भागात नि पुढे संगमनेरपर्यंत हा पदार्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. बाहेरच्या माणसाला मात्र नावावरून हमखास चकवा बसतो, कारण मासवडीत मासा नसतो. असते ते बेसन.

पातेल्यात लसूण, हळद, तिखट, मीठ घालून पाणी उकळायला ठेवायचे, त्यात एका हाताने बेसन सोडत दुसऱ्या हाताने लाटण्याच्या टोकाने घोटत राहायचे आणि गुठळी मोडली की झाकण घालून वाफ आणायची. पिठले घट्ट झाले, बोटाला चिकटेनासे झाले की खरी घाई सुरू होते. ओल्या फडक्यावर गोळा टाकायचा, हात पाण्यात बुडवून तो गरम असतानाच भाकरीसारखा थापायचा आणि मधोमध सारणाची ओळ घालायची. सारण म्हणजे भाजलेले तीळ, भाजलेले सुके खोबरे, परतलेला कांदा, लसूण आणि कोथिंबीर. मग फडक्याच्याच आधाराने एक कड उचलून दुसरीवर आणायची आणि वरून दोन्ही तळहातांनी असे दाबायचे की पाठीला धार येईल, पोट फुगीर राहील आणि लांबोळका मासा तयार होईल. पिठले निवले की ते थापताना चिरते आणि फार गरम असले की हात भाजतो. मधला जो अर्ध्या मिनिटाचा अवकाश असतो तो मला वीस वर्षांत दहा-बारा वेळाच नीट सापडला असेल. आजी बोलता बोलता थापत असे. सुरीला तेल लावून ती वड्या कापी आणि प्रत्येक वडीत मधोमध तिळाखोबऱ्याचा तपकिरी डोळा दिसे.

ज्या बाईने मांस सोडले तिने माशाच्या आकाराचा पदार्थ का करावा, असा प्रश्न मला पुढे कॉलेजात असताना पडला आणि तो मी तिला जरा आगाऊपणेच विचारला. ती म्हणाली, ‘मी मटान सोडलंय गं, रस्सा कुठं सोडलाय?’

या उत्तराचा मोठेपणा कळायला मला गिरनारपर्यंत जावे लागले. तिथल्या प्रचंड शिळेवर सम्राट अशोकाचे लेख कोरलेले आहेत. इसवी सनापूर्वीच्या 3ऱ्या शतकातले ते लेख आणि त्यातला पहिलाच लेख स्वयंपाकघराचा आहे. पूर्वी राजाच्या मुदपाकखान्यात रोज लक्षावधी प्राणी मारले जात, आता फक्त तीन मारले जातात, दोन मोर आणि एक हरीण, त्यातही हरीण नेहमी नाही, आणि पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत, असा त्याचा आशय. लक्षावधी हा आकडा राजेशाही थाटाचा आहे हे मान्य केले तरी मला त्यातल्या ‘पण हरीण नेहमी नाही’ या कबुलीचे फार कौतुक वाटते. सोडणाऱ्याचा प्रामाणिकपणा तिथे दिसतो. एकदम सुटत नाही, आधी तीनवर यायचे, मग दोनवर. आणि हे प्राणी कशासाठी मारले जात, तर मूळ शब्द आहे ‘सूपाथाय’, सूपासाठी, म्हणजे आमच्या भाषेत रश्श्यासाठी. बावीसशे वर्षांपूर्वी एका राजाने आपल्या रश्श्याचा हिशेब दगडावर लिहून ठेवला. आजीने हिशेब लिहिला नाही, रस्सा मात्र शाबूत ठेवला.

आमचा तालुका तरी या बाबतीत कुठे एकमताचा आहे? कोकणातून घाटावर येणाऱ्या जुन्या व्यापारी वाटेवर नाणेघाट आहे. तिथल्या लेण्यात सातवाहनांच्या राणीने आपल्या घराण्याने केलेल्या अश्वमेधाची, राजसूयाची आणि त्यात दिलेल्या हजारो गाईंची नोंद कोरून ठेवली आहे. तो घाट चढून पुढे जुन्नरला आले की चहूबाजूंच्या डोंगरांत बौद्ध भिक्खूंची लेणी, लेण्याद्रीच्या डोंगरात एका रांगेत तीस. एकीकडे यज्ञ आणि दुसरीकडे अहिंसा अशी सोयीची वाटणी मात्र इथे करता येत नाही. भिक्षेच्या पात्रात जे पडेल ते भिक्खूने घ्यावे, मांस पडले तर तो प्राणी आपल्यासाठी मारल्याचे पाहिलेले, ऐकलेले किंवा तशी शंका असलेली नसावी, एवढीच बुद्धाची अट होती. मांस सरसकट बंद करा, हा आपल्याच संघातल्या देवदत्त या भिक्खूचा आग्रह त्याने मानला नव्हता. जैनांनी ती सवलत ठेवली नाही. पुढे 13व्या शतकात चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथाने अहिंसा कडकपणे पाळली आणि त्याच शतकात ज्ञानेश्वरांपासून वारकऱ्यांची फळी उभी राहिली. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले असे मानतात त्या रेड्याची समाधी आमच्याच तालुक्यात आळ्याला आहे आणि तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी ओतूरला. रेड्याला समाधी देणाऱ्या मुलखात लोकांनी मांस सोडले नाही, पण सोडणाऱ्याला मान दिला.

देवांच्या घरीही हीच परिस्थिती आहे, मग माणसांचे काय घेऊन बसलात. जेजुरीच्या खंडोबाच्या दोन बायका, म्हाळसा लिंगायत वाण्याची आणि बाणाई धनगराची. एकीचे घर न खाणारे, दुसरीचे खाणारे. चंपाषष्ठीला देवाला वांग्याचे भरीत आणि रोडगा दाखवतात आणि ज्यांचा नवस असतो ते बोकड कापतात, पण देवळाबाहेर. दोन चुली, दोन नैवेद्य आणि देव एक. आमच्या पडवीत वेगळे काय चालले होते?

विलायतेत हीच गोष्ट सभा भरवून झाली. मांस न खाणाऱ्याला तिकडे 19व्या शतकापर्यंत पायथागोरसच्या पंथाचा म्हणत. 1847 साली रॅम्सगेट या गावी शाकाहारी मंडळाची रीतसर स्थापना झाली आणि मग नव्या नावाने प्रचार, पत्रके, वर्गणी, सगळे आले. आईला दिलेल्या शब्दापायी लंडनमध्ये अर्धपोटी राहिलेल्या गांधीजींना फॅरिंग्डन स्ट्रीटवरच्या शाकाहारी खानावळीत पहिल्यांदा पोटभर जेवण मिळाले आणि शब्द पाळण्याचे रूपांतर मताच्या स्वीकारात झाले. मला त्या उकडलेल्या भाज्यांची दया येते. मत कितीही उदात्त असले तरी ते पाट्यावर वाटलेल्या भाजक्या कांदा-खोबऱ्याच्या आधाराशिवाय किती वर्षे टिकणार? मांसाच्या रश्श्याची चव बरीचशी त्या भाजण्यात, खोबऱ्याच्या तेलात आणि वर आलेल्या तर्रीत असते, हे खाणाऱ्या आणि न खाणाऱ्या दोघांच्याही जिभेला ठाऊक आहे. विदर्भातला पाटवडीचा रस्सा, मालवणातले काळ्या वाटाण्याचे सांबारे, कोकणातले नीरफणसाचे रवा लावून तळलेले काप, हे सारे पदार्थ त्या सामाईक ठेव्यातूनच आलेले आहेत. ज्या हातांना सुरमई तळता येते त्याच हातांनी सोमवारी नीरफणस तळला, म्हणून तो तसा झाला.

म्हणूनच हॉटेलांच्या पाट्यांवरचा ‘शुद्ध शाकाहारी’ हा शब्दप्रयोग मला खटकतो. शुद्ध म्हटले की शेजारचे आपोआप अशुद्ध होते. भांडी वेगळी ठेवण्यात आजीही काटेकोर होती, पण तिचा काटेकोरपणा स्वतःपुरता होता. एकदा पाहुण्यांच्या गर्दीत काकूने मटणातली पळी चुकून आजीच्या रश्श्यात घातली. काकू रडवेली होऊन म्हणाली, ‘आत्याबाई, माझ्या हातनं चूक झाली.’ आजीने ते पातेले उचलून चुलत्यांपुढे ठेवले, ‘तुमच्यात वाढ झाली’ असे म्हणाली आणि स्वतः भाकरी, कांदा आणि लसणाची चटणी घेऊन बसली. मासवड्या कोरड्याच खाल्ल्या. त्यावर घरात पुन्हा कधी बोलणे झाले नाही, पण दुसऱ्या दिवशी तिच्या पळीच्या दांड्याला लाल दोरा बांधलेला दिसला.

आजीला जाऊन नऊ वर्षे झाली. चूल गेली, पडवीला जाळी बसली, तवा मात्र खुंटीला तसाच होता. रविवारी भाकऱ्या कमी पडल्या तरी तो कोणी काढत नसे आणि का काढत नाही हे कोणी विचारत नसे. गेल्या कार्तिकीला काका आळंदीला गेले आणि माळ घालून परतले. ज्या माणसाने चाळीस वर्षे नळी फोडल्याशिवाय ताट सोडले नव्हते, त्याने. पुढच्या रविवारी मी गावी होते. गॅसवर मटण रटरटत होते, दुसऱ्या शेगडीवर काकू बेसन घोटत होती आणि काका दाराशी अवघडून उभे होते. ‘माझ्यासाठी निराळं काही करत बसू नको,’ ते म्हणाले. काकूने उत्तर दिले नाही. हात पुसून ती आत गेली, खुंटीवरचा तवा काढून आणला, राखेने घासून शेगडीवर चढवला आणि मला म्हणाली, ‘ती दोऱ्याची पळी बघ गं, फडताळात मागच्या अंगाला असंल.’