जुने मराठी वाक्य, कानडी नावाचे गाव

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी माझी भाची सध्या सोलापुरात आमच्याकडे राहते आणि जेवताना मलाच प्रश्न विचारते. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू, राज्यपक्षी हरियाल, राज्यवृक्ष आंबा आणि राज्यफूल ताम्हण, इथपर्यंत मी टिकलो. राज्य फुलपाखराला अडलो. ते ब्लू मॉरमॉन असून २०१५ साली ते जाहीर करणारे महाराष्ट्र हे असे फुलपाखरू ठरवणारे देशातले पहिले राज्य होते, हे तिनेच मला ऐकवले.

मग तिने विचारले, ‘‘मामा, यातलं आपल्या सोलापुरात काय बघायला मिळतं?’’ आंब्यापलीकडे मला काही सुचेना. शेकरू पडला सह्याद्रीच्या दाट झाडीतला. आणि ज्याच्यासाठी आमच्या नान्नजच्या माळावर १९७९ साली अभयारण्य झाले तो माळढोक राज्यपक्षी आहे खरा, पण राजस्थानचा! तिचा हिरमोड झालेला पाहून येत्या रविवारी तिला जुन्या देवळांच्या आणि जुन्या मराठी शिलालेखाच्या हत्तरसंग कुडल या गावी न्यायचे मी ठरवले.

सकाळी विजापूर रस्त्याला लागलो. मंद्रूप मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि कणसात आलेली शाळू ज्वारी, एवढेच काय ते दृश्य होते. सह्याद्रीने अडवलेल्या पावसातून उरलेसुरलेच आमच्या वाट्याला येते, म्हणून इथला शेतकरी पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर रब्बीची ज्वारी काढतो, आणि ती ओल धरून ठेवण्याचे काम ही भारी काळी माती करते. हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि रस्त्याकडेच्या शेतातल्या हातभर खोल भेगेत पाय अडकून चप्पल तुटणे वेगळे, माझी तुटली.

कुडलला भीमा आणि सीना यांचा संगम आहे. तिथून पुढे भीमा काही अंतर महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या सीमेवरून वाहते आणि शेवटी कृष्णेला मिळते. ही नदी उगम पावते भीमाशंकरला, म्हणजे शेकरूसाठी राखलेल्या अरण्यातच. तेव्हा शेकरू दिसला नाही तरी त्याच्या रानातले पाणी आपल्या पायाशी आले आहे, असे मी भाचीला सांगितले. तिने ते फारसे मनावर घेतले नाही.

संगमाकाठी संगमेश्वर आणि हरिहरेश्वर ही दोन जुनी देवळे आहेत. लोक मुख्यतः पाहायला येतात ते ३५९ मुखे कोरलेले शिवलिंग; मूळ लिंग धरून ती संख्या ३६० मानतात, आणि प्रत्येक चेहरा निरखू लागले की खरोखरच वेळेचे भान राहत नाही. मला मात्र ओढ होती ती संगमेश्वराच्या तुळईवरच्या लेखाची. मोबाइलचा उजेड समोरून टाकला तर दगड नुसता राखाडी दिसतो. तोच बाजूने, तिरका धरला की खाचांमध्ये सावली भरते आणि अक्षरे उठून येतात. शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा हा लेख. त्याचा शेवट आहे, ‘‘वाछि तो विजेयां होईवा’’. जो हे वाचील तो विजयी होईल, असा त्याचा अर्थ. कालोल्लेख असलेल्या सर्वांत जुन्या मराठी लेखांत याची गणना होते. पहिला मान कोणाचा, या वादात अक्षी आणि श्रवणबेळगोळ इथल्या शिलालेखांचीही नावे घेतली जातात. त्या वादापेक्षा मला महत्त्वाची वाटते ती ओळीतली थेट बोलण्याची ढब. हजार वर्षांपूर्वीच्या कोरणाऱ्याने वाचणाऱ्याला गृहीत धरले आहे.

आणि हे वाक्य आहे कुठे, तर कानडी नावाच्या गावात. कानडीत ‘कूडल’ म्हणजे दोन नद्या जुळण्याची जागा. म्हणजे ‘कुडलसंगम’ म्हणणे हे संगमाला दोनदा संगम म्हणण्यासारखेच झाले, पण आमच्याकडे सारेच तसे म्हणतात. मराठी, कानडी आणि विणकरांबरोबर आलेली तेलुगू अशा तिन्ही भाषा ज्या सोलापुरात एका चादरीच्या दुकानात ऐकू येतात, तिथल्या माणसाला यात नवल वाटू नये. देवळाजवळ शेळ्या राखणाऱ्या आजींनी भाचीला कानडीत काहीतरी विचारले. तिला कळले नाही हे पाहून त्याच वाक्याचे दुसरे टोक त्यांनी मराठीत पुरे केले, ‘‘पोरी, जेवलीस का?’’ आम्ही कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोडली आणि त्यांनाही बोलावले.

परतताना भाचीने वहीत ते वाक्य ‘वाछि’ या अक्षरांसह जसेच्या तसे उतरवून घेतले. परीक्षेतल्या मराठीच्या निबंधात मात्र ‘वाची’ला ‘वाछि’ लिहू नकोस, एवढे मी तिला बजावले.