चाक काढलं आणि गाडी मागे सरकली

स्पितीतल्या काझाहून मनालीकडे येताना कुंझुम खिंड उतरली की बातल लागतं. तिथून ग्रामफूपर्यंत सुमारे 50 किलोमीटर रस्ता म्हणजे चंद्रा नदीच्या काठाने दगडगोट्यांतून काढलेली वाट. जागोजागी नाले रस्त्यावरूनच वाहतात, मोबाइलला रेंज नाही, पंक्चरवाला एकदम रस्ता संपल्यावर. चार गाड्यांच्या ताफ्यात शेवटची गाडी माझी. मागे राहायचं आणि बिघडेल ते दुरुस्त करायचं, हे माझं काम.

बातल सोडल्यावर तासाभराने तिसऱ्या गाडीचा मागचा डावा टायर गेला. नाल्यातून वर चढताना दोन गोट्यांच्या मध्ये टायर दाबला गेला आणि साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीला, चार सेंटिमीटरची चीर पडली. कारण लगेच कळलं. सकाळी नदीकाठच्या वाळूत चालकाने हवा 18 पीएसआयपर्यंत उतरवली होती आणि पुढे भरलीच नव्हती. वाळूत 18 ठीक आहे. दगडांत इतक्या कमी हवेवर टायरची कुशी फुगून रिमच्या बाहेर येते आणि धारदार कड थेट तिलाच लागते. त्यात ओलं रबर कोरड्यापेक्षा सहज कापलं जातं. अशा वाटेवर मी 24 ते 26 ठेवतो. पंक्चर बुजवायचा सुतळीचा प्लग फक्त ट्रेडमधल्या, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या नक्षीच्या पट्ट्यातल्या, भोकाला चालतो. साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला दुमडते, तिथे तो टिकत नाही. म्हणजे स्टेपनीच लावायची होती.

गाडी होती पुढे चढावर तोंड करून, मागे उतार, उताराच्या तळाशी नाला. पाच-सात मीटर पुढे सपाट जागा होती. फाटलेला टायर रिमवर तेवढा घासत नेला असता तरी चाललं असतं, टायर तसाही बादच झाला होता. पण मी पोहोचलो तेव्हा पाने-जॅक बाहेर पडले होते, आणि नाल्याचं पाणी दुपारनंतर बर्फ वितळून वाढतं म्हणून सगळ्यांना घाई होती. जागा बदलायला लावली नाही, ही चूक माझी.

या गाडीची स्टेपनी मागच्या बाजूला पोटाखाली साखळीवर टांगलेली. बंपरच्या भोकातून दांडा घालून फिरवायचा की ती खाली येते. भोक चिखलाने गच्च भरलं होतं. आधी तारेने उकरलं, मग दांडा नेमका खोबणीत बसला. साखळी पूर्ण सैल होईपर्यंत फिरवावी लागते, नाहीतर रिमच्या भोकातली पट्टी तिरकी होऊन बाहेर निघत नाही. तेवढी जागाही मागे हवी. टायर बसल्याने गाडीचं बूड खाली येतं आणि स्टेपनी बाहेर सरकत नाही. तेव्हा फावड्याने थोडी खडी ओढून काढायची. बाहेर आली की स्टेपनी आडवी करून चासीखाली सरकवायची, बदलायच्या चाकाच्या अगदी जवळ. लोकांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. त्या दिवशी त्याच स्टेपनीने गाडी तोलली.

नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करायचे. दुकानात एअर गनने आवळलेले असतात, गाडीसोबतचा आखूड पाना पुरत नाही. पान्यावर 60 सेंटिमीटरचा पाइप चढवला की हाताच्या जोरावर सुटतात. पाय देऊन उड्या मारल्या की स्टड (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा) तुटतो, आणि तुटलेला स्टड इथे कोणी बदलून देत नाही.

जॅक बॉटलचा, बंद अवस्थेत साधारण 20 सेंटिमीटर उंच. खाली 30 बाय 30 सेंटिमीटरचा दोन सेंटिमीटर जाड प्लायवूड, नाहीतर खडीत जॅकच रुततो. मागचा अॅक्सल सलग असल्याने जॅक अॅक्सलच्या नळीखाली, स्प्रिंगच्या जवळ लावायचा. मधल्या डिफरन्शियलच्या (दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांच्या) गोळ्याखाली लावला तर गाडी त्याच्यावर डोलते. टायर बसल्यावर नळीही खाली येते आणि जॅक आत जात नाही, म्हणून त्याखाली थोडी खडी उकरावी लागली.

चाक निघालं. मी ते बाजूला सरकवत होतो तेवढ्यात गाडी वीतभर मागे गेली. जॅक तिरका होऊन पडला आणि गाडी खाली आली. चासी आडव्या स्टेपनीवर टेकली, ब्रेकचा ड्रम खडीत टेकला पण त्याच्यावर भार आला नाही. कुणाचा हात किंवा पाय खाली नव्हता.

गाडी कशी सरकली हे पाहायला आधी आत गेलो. गिअर पहिल्यात होता, हँडब्रेक ओढलेला होता. ट्रान्स्फर केसचा, म्हणजे ताकद दोन की चार चाकांना द्यायची हे ठरवणाऱ्या पेटीचा, लिव्हर मात्र न्यूट्रलमध्ये. नाला 4 एल मध्ये (चारही चाकांना ताकद, कमी वेग) ओलांडल्यावर चालकाने तो 2 एचकडे (फक्त मागच्या चाकांना ताकद) ओढला आणि मध्येच अडकला. लिव्हर न्यूट्रलमध्ये असला की इंजिन-गिअरबॉक्स एकीकडे, चाकं एकीकडे. पहिला गिअर काय नि पाचवा काय, गाडी मोकळीच. ऑटोमॅटिकमधला पी (पार्किंग) सुद्धा अशा वेळी काही धरत नाही. राहिला हँडब्रेक. तो फक्त मागच्या दोन ड्रमवर. डावं चाक काढलेलं, म्हणजे भिस्त एका उजव्या ड्रमवर, आणि तो नाल्याच्या पाण्याने ओला, केबलही ताणून सैल झालेली. पाण्यातून बाहेर आल्यावर शंभरेक मीटर हलका ब्रेक दाबत चालवायची, म्हणजे लायनर कोरडे होतात. ते कोणी केलं नव्हतं. उरला दगड. तो पुढच्या उजव्या चाकाला लावला होता, पण चाकाच्या पुढे. उतार मागे, दगड पुढे!

साध्या गाडीच्या सवयीने 2 एच मध्ये पहिल्या गिअरवर ठेवली तरीही नुसत्या गिअरचा भरवसा नाही. मागचं एक चाक हवेत असलं की डिफरन्शियल आपलं काम चोख करतं: हवेतलं चाक उलटं फिरतं, जमिनीवरचं सुटतं, गाडी चालू लागते. 4 एल मध्ये गिअर घातला तर मागचा आणि पुढचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. पुढची दोन्ही चाकं जमिनीवर असतात, ती डिफरन्शियलमधून एकमेकांच्या उलट फिरू शकत नाहीत, म्हणून गाडी थांबते. पुढचे हब (चाक शाफ्टला जोडणारे भाग) हाताने लॉक करायचे असतील तर तेही लॉक करायला हवेत, नाहीतर 4 एल असून नसल्यासारखा.

पुढचं काम शांतपणे केलं. लिव्हर 4 एल मध्ये पूर्ण बसवला. इंजिन बंद ठेवून असा लिव्हर कधी कधी बसत नाही, गाडी इंचभर पुढे-मागे हलवावी लागते. इथे ते शक्य नव्हतं, पण नशिबाने दात जुळले. उजव्या बाजूच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून दगड, सपाट बाजू टायरकडे. नळी आता इतकी खाली होती की जॅक तिच्याखाली जाणं शक्य नव्हतं, पण चासी स्टेपनीच्या जाडीएवढी, म्हणजे वीतभराहून थोडी वर होती. म्हणजे प्लायवूडसकट जॅक चासीखाली बसला. माझा जॅक चासीला, दर पाच सेंटिमीटर उचललं की नळीखाली एक चपटा दगड. पुरेशी उंची आली तेव्हा दुसरा जॅक नळीखाली लावला, मगच पहिला सोडला. फाटलेलं चाक आत सरकवलं, स्टेपनी बाहेर ओढली.

हवा भरलेलं चाक फाटलेल्यापेक्षा बरंच उंच असतं, त्यामुळे स्टडला चाक पोहोचत नाही. जॅक अजून वर न्यायचा मोह होतो. जितका वर, तितका डळमळीत. त्यापेक्षा चाकाखालची खडी दहा-बारा सेंटिमीटर उकरायची, आणि फावड्याचं पातं टायरखाली घालून दांडा दाबायचा. चाक अलगद स्टडवर चढतं. नट निमुळती बाजू आत करून, समोरासमोरच्या जोडीने. स्टडवर तेल घालायचं नाही, पान्यावर जोर तितकाच लावला तरी नट ठरल्याहून जास्त आवळला जातो. या गाडीला 110 न्यूटन-मीटर, म्हणजे 40 सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला साधारण 28 किलोचा जोर. हाताने होतो, शेवटचा आवळ चाक जमिनीवर टेकल्यावर.

स्टेपनीत मी 40 पीएसआय ठेवायला सांगतो, कारण हवा काढणं सोपं, भरणं जिकिरीचं. समुद्रसपाटीला 32 भरलेला टायर चार हजार मीटर उंचीवर हवेच्या गेजमध्ये साधारण 34 दाखवतो: बाहेरचा दाब पाच-सहा पीएसआयने कमी, पण थंडीने आतला दाबही घसरलेला. ते पाहून लोक गोंधळतात. स्टेपनीतली हवा 26 केली. या स्टेपनीचा ट्रेड 8 मिलिमीटर, बाकीच्यांचा 3, म्हणजे घेरात साधारण सव्वा टक्का फरक. पुढचा-मागचा शाफ्ट बांधलेला असताना हा फरक सुट्या खडीवर खपतो, म्हणून तिथे 4 एच (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग) चालतो, डांबर लागलं की 2 एच.

आता ताफ्यात त्या गाडीकडे स्टेपनी नव्हती. पहिल्या गाडीला सहा नट, स्टडच्या वर्तुळाचा व्यास तोच, 139.7 मिलिमीटर. तिची स्टेपनी लागू पडेल हे निघतानाच वहीत लिहून ठेवलं होतं, म्हणून ती गाडी पुढून काढून हिच्या मागे घेतली. वाटेत छत्रूला थांबलो तेव्हा पाना लावून पाहिला. सहापैकी दोन नट पाव-पाव फेरा अजून गेले.